शेअर बाजार, राजकारण आणि खेळ, तिन्ही एकाच गप्पांच्या शोमध्ये : कोल्हापुरातनं चालू करायचाय, कसा जमवावा?

गंगावेस_कट्टा

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आम्ही तिघं दोस्त, तिघंही कोल्हापूरचेच. एकजण ब्रोकरच्या ऑफिसात डीलर आहे, दुसरा आधी पेपरात राजकारणाच्या बातम्या लिहायचा आणि आता वकिली करतो, आणि मी शाळेत पीटी शिकवतो म्हणजे खेळाचं खातं माझ्याकडं. रात्री जेवणं झाली की गंगावेशीत दूध कट्ट्यावर बसतो, समोरच म्हशीची धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात, आणि तो ग्लास संपेपर्यंत निफ्टी, झेडपी आणि पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच सगळं एका दमात बोलून होतं, कुठं विषय बदलला ते कळत पण नाही.

तर यातनंच दर आठवड्याला तासाभराचा हलकाफुलका शो करायचा, यूट्यूबवर टाकायचा असं ठरलंय. ट्रायल म्हणून एक रेकॉर्ड केलं आणि घरच्यांना ऐकवलं. सगळ्यांचं एकच म्हणणं आलं, की वीस मिनिटं बाजार, वीस मिनिटं राजकारण, वीस मिनिटं खेळ असं तीन बातमीपत्रं एकामागनं एक लावल्यासारखं वाटतंय, कट्ट्यावरची मजा त्यात उतरत नाही. म्हणजे कॅमेरा लागला की आपोआप तीन कप्पे पडतात. ते मोडायचे कसे, हा माझा मेन प्रश्न.

बाकी पण शंका आहेत. शेअरची नावं घेतलेली चालतात का. नेत्यांवर बोलताना मजा पण राहिली पाहिजे आणि कुणाच्या कार्यकर्त्यानं खाली शिव्यांचा पाऊस पण पाडायला नको, ते कसं करावं. आणि भाषा आपली रोजची ठेवू का जरा साफसूफ करू? मनापासून करायचंय, म्हणून मनापासून सांगा.

पेठेतला_स्ट्रायकर

भावा नाद खुळा आयडिया! भाषा आपलीच ठेव, त्यात दुसरा विचारच करू नको. पुण्या-मुंबईच्या भाषेतले मार्केटचे शो रग्गड आहेत, "गुंतवणूकदारांनी सावध पवित्रा घेतला" असलं वाक्य आलं की आमचा बाप चॅनेल बदलतोय. तेच "आज बाजारात कोण हात घालंना" म्हण, लगेच कळतंय.

कप्पे मोडायचे तर माणसांची खाती आधी मोडा. डीलर दोस्ताला फुटबॉलवर बोलू दे आणि तू बाजारावर प्रश्न विचार, न लाजता विचार, पुट ऑप्शन म्हणजे काय रं बाबा. ज्याला जे येत नाही ते त्यानं विचारायचं.

आणि फुटबॉल घे की! कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींची मॅच बघायला जेवढी माणसं जमतात तेवढी कितीतरी मोठ्या शहरांत जमत नाहीत, आणि परदेशात क्लबचे शेअर बाजारात चालतात हे त्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नाही. मँचेस्टर युनायटेड २०१२ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात आहे. जर्मनीचा डॉर्टमुंड २००० साली लिस्ट झाला. म्हणजे टीम हरली की सोमवारी सकाळी भाव पण हलतो. आपल्या खंडोबा आणि दिलबहार या टीमचे शेअर असते तर पेठेत काय झालं असतं याच्यावर एक अख्खा भाग होतोय बघ!

डॉर्टमुंडचंच अजून एक. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या टीमच्या बसजवळ स्फोट झाले, एक खेळाडू जखमी झाला. पहिल्यांदा सगळ्यांना दहशतवादी हल्ला वाटला. तपासात निघालं की एका माणसानं क्लबच्या शेअरवर पुट ऑप्शन, म्हणजे भाव पडला की फायदा देणारे सौदे, घेऊन ठेवलेले, शेअर पडावा म्हणून त्यानं बॉम्ब लावले. २०१८ मध्ये त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. हसण्यासारखं यात काहीच नाही पण पुट ऑप्शन म्हणजे काय हे ऐकणारा जन्मात विसरणार नाही. हलक्याफुलक्या शोमध्ये पाच मिनिटं गंभीर झालं तर बिघडत नाही.

मंदडिया_शाहूपुरी

वरच्या दादांचं बरोबर आहे पण शेअरच्या नावांचं मी सांगतो, कारण मी याच लाइनमध्ये आहे आणि नवीन पोरं इथंच अडकतात.

सेबी म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्याकडं नोंदणी नसताना "हा घ्या, तो विका, टार्गेट अमुक" असं बोलायचं नाही, मग खाली "फक्त शिक्षणासाठी" अशी पाटी लावा नाहीतर सुरुवातीला हात जोडा, पाटीनं काही होत नाही. रिसर्च अ‍ॅनालिस्टचे नियम २०१४ चे आहेत आणि सल्लागारांचे २०१३ चे. वर २०२५ च्या जानेवारीत सेबीनं सर्क्युलर काढून सांगितलं की नुसतं शिक्षण देणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरवर बोलायचं नाही. तुमचा दोस्त ब्रोकरच्या ऑफिसात आहे म्हणजे त्यानं तर ऑफिसात लेखी परवानगी विचारूनच कॅमेऱ्यासमोर बसावं, ही पहिली गोष्ट करा.

पण यानं शोचं काय नुकसान होतंय असं मला अजिबात वाटत नाही, उलट बरं आहे. टिप ऐकायला आलेला माणूस टिप फसली की शिव्या घालून जातो. गोष्ट ऐकायला आलेला टिकतो. जुन्या गोष्टी एवढ्या आहेत की वर्षभर पुरतील. राजकारण आणि बाजार तर हातात हात घालून चालतात. १७ मे २००४, वाजपेयी सरकार गेलं आणि बाजार इतका आपटला की एका दिवसात दोनदा व्यवहार थांबवावे लागले. १८ मे २००९, यूपीए परत आली, वरचं सर्किट लागलं, सेन्सेक्स २,१०० अंकांच्या वर उडाला आणि लोकांना विकत घ्यायला संधीच मिळाली नाही. आणि अलीकडचं ४ जून २०२४ तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. एक्झिट पोल बघून ३ तारखेला निफ्टी ७३३ अंकांनी वर गेला, मतमोजणीच्या दिवशी १,३७९ अंकांनी खाली आला, सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी. आणि ७ तारखेला सेन्सेक्स परत ३ तारखेच्या वर बंद! ज्यानं त्या आठवड्यात मोबाईल कपाटात ठेवला त्याचं काही गेलं नाही. ज्यानं चार तारखेला दुपारी घाबरून विकलं त्याचं गेलं.

ऑप्शनवर मात्र हसतखेळत का होईना, पण पोरांच्या कानावर घालाच. सेबीच्याच अभ्यासात आलंय की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या १०० पैकी ९३ लोकांचं नुकसान झालं, सगळ्यांचं मिळून १.८ लाख कोटींच्या वर. राजारामपुरीच्या कोचिंग क्लासमधली पोरं एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायच्या दिवशी जिन्यात मोबाईल घेऊन बसलेली मी बघतो, जीव तुटतो बघा.

शाहू_मिल_ताई

मी बाजारातली नाही, घरातनं एसआयपी चालवणारी बाई आहे, म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूनं बोलते. शब्द आला की तिथंच उलगडा. वरच्या भाऊंनी "सर्किट लागलं" असं लिहिलंय, माझ्यासारखीला वायरचं सर्किट आठवणार. कुस्तीत दोघं मल्ल आखाड्याच्या कडेला गेले की पंच शिट्टी मारून थांबवतात आणि परत मधी आणून लावतात, तसंच ते, निर्देशांक १० टक्के हलला की बाजार थोडा वेळ थांबवतात, लोकांनी श्वास घ्यावा म्हणून. बरोबर ना? एवढं सांगितलं की माझी सासूबाई पण पुढचं ऐकेल.

आणि बायकांना धरून करा हो दादा. बचत गटाच्या बैठकीत सोन्याचा भाव, लाडकी बहीणचे पैसे आणि स्मृती मानधनाची सेंच्युरी हे तिन्ही विषय आमच्याकडं पण होतात. तुमच्या तिघांत एक ताई बसली तर कप्पे आपोआप मोडतील असं मला वाटतं.

मंदडिया_शाहूपुरी

ताई एकदम बरोबर. फक्त एक जोडतो, १० टक्के ही पहिली पायरी, पुढं १५ आणि २० पण आहेत, आणि किती वेळ थांबवायचं ते दिवसाच्या कुठल्या वेळी लागलं त्यावर आहे. २३ मार्च २०२० ला कोरोनात सकाळीच लागलं, ४५ मिनिटं बंद, आणि उघडल्यावर अजून पडला, दिवसअखेर १३ टक्के खाली. ४ जूनला मात्र लागलं नव्हतं कारण १० टक्क्यांपर्यंत पोचलाच नाही.

उसाचा_फड

मंडळी तुम्ही न्यूयॉर्क आणि जर्मनी फिरून आला, पण तिन्ही विषय एका जागी बांधलेले आपल्या पायाखाली आहेत की, ऊस! मी करवीर तालुक्यातला आहे, घरचा ऊस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

पहिलं म्हणजे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला शेअर काय असतो हे शिकवायची गरज नाही. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत सहकारी कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट आहे, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, मागं चिकटपट्टी लावलेली, आणि त्या एका कागदावर दिवाळीला सवलतीची साखर घरात येते. हा शेअर आणि मोबाईलवरचा शेअर यात फरक काय, एवढ्यावर एक भाग करा. कारखान्याच्या शेअरचा भाव रोज हलत नाही, आणि एका सभासदाला एकच मत, मग त्याच्याकडं शेअर कितीका असंनात. कंपनीत मात्र जेवढे शेअर तेवढी मतं. आता या एका फरकानं आपल्या जिल्ह्याचं अख्खं राजकारण घडलंय! एक माणूस एक मत आहे म्हणून तर संचालक मंडळाच्या निवडणुकीला नेता बांधाबांधावर येतो, लग्नाला येतो, मयतीला येतो. गोकुळ दूध संघाची निवडणूक पण त्याच अंगानं चालते, फरक एवढाच की तिथं गावातल्या दूध संस्थांचे ठराव लागतात, आणि ठराव कुणाच्या नावावर यावरनं गावात जे होतं ते तुमच्या वकील दोस्ताला माहीत असेलच.

आता बाजार. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं आदेश काढला की उसाच्या रसापासनं आणि सिरपपासनं इथेनॉल करायचं नाही, कारण पाऊस कमी झालेला, साखर कमी पडंल आणि निवडणुकीच्या तोंडावर भाव वाढंल ही भीती. त्याच दिवशी बाजारात साखरेचे शेअर आपटले. कारखान्यांनी डिस्टिलऱ्यांवर कर्ज काढून पैसा ओतलेला, टँकरचे करार झालेले, हंगाम ऐन भरात. आठवड्यात सरकारनं थोडी ढील दिली, १७ लाख टन साखरेएवढं इथेनॉल करा म्हटलं. आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीला पुढच्या हंगामासाठी बंदी उठवली. हे मोबाईलवर बघणाऱ्याला नुसती लाल रेघ दिसली असंल. आमच्याकडं तीच रेघ बिलाच्या रूपात आली, कारण इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या लवकर देतात आणि साखर गोदामात पडून राहते, मग कारखान्याकडं रोकड नाही आणि १४ दिवसांत द्यायचं उसाचं बिल लांबतं. कायद्यात १४ दिवस लिहिलंय, उशीर झाला तर १५ टक्के व्याज लिहिलंय. ते व्याज मागायला कोण जातो हा पण एक भाग करा.

साखरेचा किमान विक्री दर २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ रुपये किलो झाला तेव्हा एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला उसाचा द्यायचा किमान दर, क्विंटलला २७५ होती. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी ३५५ ठरली. या दोन आकड्यांच्या मधी कारखाना, शेतकरी आणि सरकार तिघंही उभे आहेत, आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी जे भाषण होतं ते याच दोन आकड्यांवर होतं. राजकारण आणि बाजार वेगळं काढून दाखवा मला यातनं.

राहिला खेळ. कोल्हापूरची कुस्ती संस्थानानं उभी केली, शाहू महाराजांनी रोमचं जुनं क्रीडांगण बघून खासबाग कुस्ती मैदान बांधलं, १९१२ ला ते पुरं झालं. संस्थान गेलं आणि मग मल्लाचा खुराक कुणी बघायचा? बदाम, तूप, दूध, थंडाई, फुकट येत नाही. आपल्या भागातल्या सहकारी कारखान्यांनी मल्लांना मानधन चालू केलं, वारणेसारखी कुस्तीची मैदानं भरवली. म्हणजे दिल्लीत इथेनॉलवर सही झाली की मुंबईत शेअर हलतो, गावात बिल लांबतं, वार्षिक सभेत दंगा होतो, आणि कारखान्याची तिजोरी आवळली की तालमीतल्या पोराच्या खुराकावर पण येतं. हे असं एका दोरीत सांगितलं तर तीन कप्पे राहतीलच कशाला?

पेठेतला_स्ट्रायकर

काटाकिर्र लिहिलंय मालक. पहिला भाग हाच झाला पाहिजे.

सांगलीकर_शेजारी

आमच्या सांगलीच्या स्मृतीचं नाव निघालं म्हणून सांगलीकर म्हणून हजेरी लावतो. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पोरींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला त्या रात्री आमच्या सांगलीत दिवाळी परत आलेली, तुमच्याकडं पण आली असणार.

मी क्रिकेटचा एक विषय देतो, यात पण तिन्ही एकाच आठवड्यात येतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक आलं, २० ला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही, तीन दिवसांत पैसे लावून खेळायचे सगळे गेम बंद. ड्रीम इलेव्हन टीम इंडियाच्या जर्सीवर होती, ती गेली, आणि आपली टीम एशिया कपला छातीवर स्पॉन्सरचं नाव नसलेली जर्सी घालून उतरली. बाजारात नझारासारखे गेमिंगचे शेअर पडले. पुढं जर्सीवर अपोलो टायर्स आली. आता हे क्रिकेट, का राजकारण, का बाजार? तिघांपैकी कुणीही चालू करा, बाकी दोघांना मधी पडावंच लागंल.

मला स्वतःला तो कायदा पटला. आमच्या गल्लीत टीम लावून पगार घालवणारी पोरं होती, आता निदान उघड तरी बंद झालं.

मंदडिया_शाहूपुरी

सांगलीकर, पटलं. फक्त सगळ्या शोवाल्यांना एक विनंती, जोड लावताना घाई नको. २०२१ च्या युरो स्पर्धेत पत्रकार परिषदेत रोनाल्डोनं कोकाकोलाच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि जगभर बातमी झाली की कंपनीचे ४ अब्ज डॉलर बुडाले. त्याच दिवशी शेअर एक्स-डिव्हिडंड झालेला, म्हणजे लाभांशाएवढा भाव तसाही कमी होतो, आणि घसरण बरीचशी बाजार उघडतानाच झालेली. गोष्ट सांगा, मजेनं सांगा, पण खरं कारण शोधून सांगा. कोल्हापूरचा श्रोता गोड बोलण्याला भुलत नाही, चूक निघाली की लगेच पकडतो, आणि पकडावंच.

शाहू_मिल_ताई

राजकारणाचं कुणीच नीट सांगितलं नाही म्हणून मीच सांगते. नेत्याच्या निर्णयावर बोला, त्याच्या घरावर, दिसण्यावर, जातीवर बोलू नका. आणि एका भागात एकाच पक्षाला धरायचं नाही. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना वाटलं पाहिजे की आपल्यावर पण बोलले आणि त्यांच्यावर पण बोलले. मग येतात बघा चांगल्या कमेंट.

उसाचा_फड

ताई, मला वाटतं स्थानिक नेत्यांचं नाव टाळून चालणार नाही. नाव न घेता "एक बडा नेता" केलं की लोकांना तेच आवडत नाही. कारखान्याचा ताळेबंद वार्षिक अहवालात छापलेला असतो, सभासदाच्या घरी येतो. तो समोर ठेवून नाव घेऊन बोला, कर्ज किती, ठेवी किती, बिल कधी दिलं. कागद हातात असला की भांडण व्हायचं कारण नाही.

गंगावेस_कट्टा

मंडळी, एवढं मिळंल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. रात्री तिघं बसून सगळं वाचलं. ठरलं ते सांगतो. पहिला भाग उसाचा. डीलर दोस्त ऑफिसात लेखी परवानगी मागतोय, ती येईपर्यंत तो कॅमेऱ्यासमोर बसणार नाही, नुसते आकडे तपासून देणार. वकील दोस्ताची बहीण बँकेत आहे, ती तिसरी म्हणून बसायला तयार झालीय, ताईंचं ऐकलं. ताळेबंदाचं वकीलसाहेबांना एकदम पटलंय, त्यानं दोन कारखान्यांचे अहवाल मागवले पण. मॅचचे व्हिडिओ वापरणार नाही, कॉपीराइटचं लफडं नको, तालमींचे फोटो स्वतः काढून आणीन. आणि निवडणुकीच्या काळात एक्झिट पोलवर काय बोललेलं चालतं ते वकिलानं सांगितलं, मतदान चालू झाल्यापासनं शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत अंदाज दाखवायला कायद्यानंच बंदी आहे, म्हणून त्या काळात जुन्या निवडणुकांच्या गोष्टी करू.

उसाचा_फड, तुम्ही पाहुणे म्हणून याल का? सर्टिफिकेट घेऊन या, कॅमेऱ्यात दाखवू.

उसाचा_फड

येतो की. आज्जाला पण आणतो, त्यांना जुन्या कारखाना निवडणुका तोंडपाठ आहेत. फक्त सकाळी ठेवा, दुपारी लाईट असली की आम्हाला पाणी पाजायला शेतात जावं लागतं.

मंदडिया_शाहूपुरी

एक लक्षात ठेवा, एफआरपीचा ३५५ चा आकडा १०.२५ टक्के उताऱ्याला आहे, उतारा म्हणजे उसातनं निघणारी साखर. आपल्याकडं उतारा त्याच्या वर जातो म्हणून दर वाढतो, आणि मग तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात येतं. हे तिन्ही टप्पे फळ्यावर लिहून दाखवा, तोंडी सांगितलं तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो.